टायरची पकड आणि संगणकाचा हिशेब

१९ जून २००५, इंडियानापोलिस. फॉर्म्युला वन शर्यतीच्या आधीच्या फेरीसाठी वीस गाड्या निघाल्या आणि ती फेरी संपताच त्यांतील चौदा गाड्या प्रारंभरेषेकडे न जाता थेट पिटमध्ये वळल्या. शर्यत उरली सहा गाड्यांची. त्या सहांत नारायण कार्तिकेयन चौथा आला, त्याला पाच गुण मिळाले आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. हा विक्रम आपल्याकडे अनेकांना पाठ असतो. त्यामागचे कारण फारसे कुणी सांगत नाही. आजचा धागा त्या कारणाविषयी आहे.

कारण होते टायर. माघारी वळलेल्या चौदाही गाड्यांना मिशेलिनचे टायर होते. उरलेल्या सहांना ब्रिजस्टोनचे. दोन दिवस आधी सरावात तेराव्या क्रमांकाच्या वळणावर राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर फुटून गाडी भिंतीवर आदळली होती. ते वळण उताराला कललेले, भरधाव घ्यायचे. तिथे टायरच्या कडेवर विलक्षण भार येतो. त्या वळणावर पूर्ण वेगात आपला टायर टिकेल याची हमी देता येत नाही, असे मिशेलिनने आपल्या संघांना कळवले. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घालावा ही मागणी नियामक संस्थेने, म्हणजे ‘फिआ’ने, फेटाळली. त्यातच त्या वर्षीचा नियम असा की, पात्रताफेरी आणि संपूर्ण शर्यत एकाच टायरसंचावर काढायची.

इथे एक बाब ध्यानात घ्यावी. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल कायदेशीर होते. क्षणाच्या शतांशात चाकाची घसरण ओळखून इंजिनाला आवरणारे संगणक त्या गाड्यांत होते. त्यांचा त्या दिवशी काहीएक उपयोग नव्हता.

असे का, हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र. धावत्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि साध्या गाडीत ते प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे असते. वेग वाढवणे, थांबणे, वळणे हे सारे त्या चार तळहातांच्या जोरावर. शिवाय ही पकड एकच असून ती वाटून घ्यावी लागते: वळताना जितकी खर्च होईल, तितकी पुढे ढकलण्यासाठी कमी उरते. आणखी एक गंमत अशी की, ताकद लावायची तर टायरला किंचित घसरावेच लागते. कोरड्या डांबरावर साधारण दहा-पंधरा टक्के घसरणीच्या आसपास पकड शिखरावर पोहोचते. त्यापलीकडे चाक नुसते गरगरते आणि पकड ओसरते. ट्रॅक्शन कंट्रोलचे काम एवढेच, की चाकांच्या वेगांची तुलना करायची आणि घसरण शिखराच्या पलीकडे चालली की इंजिनाची ताकद कापायची किंवा ब्रेक लावायचा. ते शिखर किती उंच असावे, हे मात्र रबर ठरवते. म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल हा चोख कारकून आहे. तिजोरीत भर घालणे त्याच्या हाती नाही.

भर घालणारे दुसरेच. १९७१ च्या हंगामात खाचा नसलेला ‘स्लिक’ टायर फॉर्म्युला वनमध्ये अवतरला. कोरड्या रस्त्यावर खाचांचा काही उपयोग नसतो, उलट तेवढे रबर वाया जाते. त्या रबराला मात्र आपला ठरावीक उष्मा लागतो: थंड असेल तर ते लाकडासारखे वागते, फार तापले तर फोड येऊन झिजते. आणि रस्त्यावर पाणी साचले, की त्या गुळगुळीत टायरला पाणी बाहेर फेकायला वाटच नसते. गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगते.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा इतिहासही याच वळणाने गेला. १९७५ मध्ये बाजारात आलेली पोर्शे ९११ टर्बो घ्या. २६० अश्वशक्ती, इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि टर्बोची ताकद उशिरा पण एकदम येणारी. वळणात एक्सलरेटरवरून पाय उचलला की शेपूट पुढे यायला बघे. या गाडीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले ते उगाच नाही. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते. तिला आवरायला जे मिळाले ते रबर होते: लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी घडवलेला, कमी उंचीचा, रुंद पिरेली पी-७ पुढे या पोर्शेला बसवण्यात आला.

संगणकाचा सुवर्णकाळ आला तो १९९२-९३ मध्ये. विल्यम्स संघाच्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल, स्वयंचलित सस्पेन्शन, १९९३ मध्ये तर ब्रेक न अडकू देणारी यंत्रणाही. त्या काळची सर्वांत हुशार गाडी ॲलन प्रॉस्टच्या हाती होती. आणि ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन इथे पाऊस आला.

तो धड येईना, धड थांबेना. रस्ता ओला, मग निमओला, मग पुन्हा ओला. प्रत्येक सरीबरोबर एकच प्रश्न: स्लिक की खाचांचे टायर? प्रॉस्टने टायर बदलण्यासाठी पिटच्या सात वाऱ्या केल्या. बहुतेक वेळा आभाळ त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे होते. आयर्टन सेना सुरुवातीला पाचव्या स्थानी घसरला होता, पण पहिली फेरी संपण्याआधीच सर्वांच्या पुढे गेला. पुढे ओलसर रस्त्यावर स्लिक घालून तो अशा वेळी टिकून राहिला, जेव्हा इतरांना धीर धरवत नव्हता. दुसरा आलेला डेमन हिल जवळजवळ दीड मिनिट मागे. तिसरा प्रॉस्ट पूर्ण एक फेरी मागे.

सेनाच्या मॅक्लारेनमध्येही ट्रॅक्शन कंट्रोल होते, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत. तो स्वतः मात्र ते विसरला नव्हता. १९८५ मध्ये पोर्तुगालच्या एस्टोरिल इथे पावसातच, पण या यंत्रणेविना मिळवलेला विजय त्याला अधिक मोलाचा वाटे. मला वाटते, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. संगणकाने त्याचे काम सोपे केले हे खरे. पण तो संगणक प्रॉस्टकडेही होता, आणि दोघांत अंतर पडले ते कोणत्या क्षणी कोणते रबर रस्त्यावर ठेवायचे या निर्णयाने.

१९९४ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली. लागोपाठ संशय, तपास, आरोप. अखेर २००१ च्या स्पॅनिश शर्यतीपासून ते पुन्हा कायदेशीर झाले, कारण संगणकाच्या आज्ञावलीत दडवलेली चोरी पकडणेच अवघड होते. जुन्या दफ्तरांत पुन्हा पुन्हा निघालेली मनाईपत्रे दिसली, की ती मनाई पाळली जात नव्हती असे आपण ओळखतो; नियमपुस्तिकाही तशाच वाचाव्यात. २००८ मध्ये सर्व संघांना एकाच बनावटीचे नियंत्रक बसवायला लावले, तेव्हा कुठे बंदी खरी झाली.

टायरची गोष्ट वेगळी. वळणातला वेग कमी करायचा म्हणून १९९८ पासून कोरड्या टायरांतही खाचा सक्तीच्या केल्या: पुढे तीन, मागे चार, पुढल्या वर्षापासून पुढेही चार. इथे चोरीला जागाच नव्हती, खाचा कुणालाही मोजता येत. २००९ पर्यंत हा नियम टिकला. गाडीला खरोखर आवर घालायचा तर कुठे हात घालावा, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

आता रस्त्यावर येऊ. ट्रॅक्शन कंट्रोल गाडीच्या मूळ टायरांशी जुळवलेले असते. म्हणूनच पोर्शेसाठी मान्य केलेल्या टायरच्या कडेवर ‘एन’ हे अक्षर आणि एक अंक असतो, बीएमडब्ल्यूसाठी तारा. पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले, किंवा भलत्याच मापाचे असले, तर चाकांचे वेग मुळातच जुळत नाहीत. संगणकाला घसरण नसताना घसरण दिसते किंवा असताना दिसत नाही. ट्रॅकसाठीचे जवळजवळ गुळगुळीत टायर घालून पावसात निघालात, तर दिवा सतत लुकलुकेल, इंजिन गुदमरेल आणि पकड तेवढीच राहील.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही मरण पावले. ६१२ अश्वशक्तीची ही गाडी. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल होते, स्थैर्य राखणारी पूर्ण यंत्रणा नव्हती. तपास अहवालाने वेग ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटर सांगितला, जिथे मर्यादा सुमारे ७२ ची होती. त्याच अहवालात दुसरी नोंद आहे: टायर नऊ वर्षांचे होते. खाचा शाबूत दिसल्या, तरी रबर वयाने कडक होते आणि त्याचे शिखर खाली येते. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३०५’ म्हणजे २००५ चा तेविसावा आठवडा. घरच्या गाडीवर, दुचाकीवरही, ते आजच पाहता येतील.

२०२४ मध्ये मिशेलिनने याच कॅरेरा जीटीसाठी नवे टायर घडवले. ते घालून जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर ही गाडी ७ मिनिटे १२.६९ सेकंदांत फिरली. वीस वर्षांपूर्वी ती नवी असतानाच्या वेळेपेक्षा हे सुमारे १६ सेकंदांनी कमी आहे. चालक वेगळा होता, हे मान्य. इंजिन मात्र तेच होते आणि ट्रॅक्शन कंट्रोलही जुनेच.