अस्थी आणि गारठा

मृताच्या अस्थी तापीच्या प्रवाहात सोडाव्यात, ही सुरत शहराची जुनी रीत. त्याच शहरातून २०१५ सालच्या डिसेंबरात दान केलेले एक हृदय विमानाने मुंबईस पोहोचविण्यात आले. हृदयाला सवड नसते. सुमारे चार तासांत त्याला नवे घर मिळावे लागते. हाडाची गोष्ट निराळी. ते वर्षानुवर्षे थांबू शकते. मात्र त्यासाठी गारठा अखंड हवा.

हे ज्ञान हळूहळू आले. ग्लासगोचा शल्यविशारद विल्यम मॅक्यूअन याने १८८० च्या सुमारास एका बालकाच्या दंडात इतर मुलांच्या हाडांचे तुकडे बसविले. तेव्हा दाता व रुग्ण एकाच वेळी हाताशी असणे भाग होते. १९१२ साली अलेक्सिस कॅरेल याने ऊतके थंडाव्यात साठविण्याचा विचार मांडला. १९४२ साली हवाना येथील इन्क्लान याने शीतकपाटात राखलेल्या हाडांचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९४९ साली अमेरिकी नौदलाची ऊतकपेढी निघाली.

अनुभवाने शिकविले की, नुसते गोठविणे पुरेसे नाही. उणे २० अंशांवरही हाडातील सारे पाणी गोठत नाही आणि विकरांचे काम मंदपणे चालूच राहते. म्हणून तेथे साधारणतः सहा महिन्यांची मर्यादा पाळतात; उणे ७० अंशांखाली मात्र पाच वर्षांपर्यंत हाड राखतात. तापमान वरखाली झाले की बर्फाचे स्फटिक वाढून ऊतकाची वीण बिघडवितात. गोठण्याने पेशी मरतात, पण त्याने अडत नाही. रुग्णाचे शरीर त्या चौकटीवर स्वतःचे नवे हाड रचते.

सुरतेहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या मुंबईत, टाटा स्मारक रुग्णालयात, १९८८ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने ऊतकपेढी सुरू झाली. तेथे गोठविलेले हाड निर्वातात वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची पद्धती रुजली. असे हाड साध्या कपाटातही टिकते; परंतु वाळविल्याने त्याची बळकटी काहीशी घटते. शरीराचा भार पेलण्यासाठी गोठविलेलेच हाड अधिक उपयोगी ठरते.

भारतात अवयवदानाचा कायदा १९९४ साली झाला. २०११ च्या दुरुस्तीने ऊतकेही त्याच्या कक्षेत आली. तरीही कायदा शीतपेटीशेजारी जागत बसत नाही. शोकाच्या घडीला आप्तांनी दिलेला होकार वीज गेलेल्या एका रात्रीत निष्फळ होऊ शकतो. तेथे तापमानाची नोंद चोख ठेवणारा मनुष्यही त्या दानाचा राखणदार असतो.