गूळपाणी कोणाला? दासगाव-महाडच्या पाहुणचाराची गोष्ट

(पोस्ट जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.)

आपल्याकडे दारात पाहुणा आला की पहिल्यांदा पाण्याचा तांब्या पुढे येतो, सोबत गुळाचा खडा. चहा, जेवण, गप्पा सगळं नंतर. पाहुणचाराची सुरुवात पाण्यानेच होते. आता हा साधा नियम घेऊन आपल्याच रायगडातली, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली एक गोष्ट बघू.

मुंबई-गोवा हायवेने महाडकडे जाताना दासगाव लागतं. आज बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. पण एके काळी सावित्रीच्या खाडीतलं हे चालतं बंदर होतं. मुंबईहून बोटीने येणारा माणूस इथे उतरायचा आणि पुढे महाडची वाट धरायचा. सैन्यातून 1886 मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच भागातले. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि सनातन्यांना थेट प्रश्न विचारले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं कसं, हा वाद या मातीत महाडच्या सत्याग्रहाआधी चाळीस वर्षं सुरू झालेला होता.

आता महाड. बाजारपेठेचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं बाजाराला यायची, माल विकायची, परत जायची. पण त्यातल्या अस्पृश्य माणसाला अख्ख्या गावात घोटभर पाणी मिळायचं नाही. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या पुढाकाराने महाडात एक छोटं चहाचं हॉटेल निघालं, ते या माणसांना बसायला जागा आणि प्यायला पाणी मिळावं म्हणून. पुढच्या चळवळीची बोलणी अशाच ठिकाणी झाली.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर आमंत्रण निघालं, दारात मज्जाव मात्र तसाच राहिला.

मग 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष. हजारो माणसं पायपीट करून आलेली. तळं गावात, पाण्याने भरलेलं, आणि परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी! 1927 चे चाळीस रुपये, हे ध्यानात घ्या. त्याच तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरत होते, जनावरंही पीत होती.

20 तारखेला सगळे रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्याले, शांतपणे मांडवात परतले. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर चालून गेला. तिथे काही माणसं जेवायला बसली होती. त्यांना मारलं आणि अन्न मातीत मिसळलं. ताटावर बसलेल्याला उठवू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. त्या दिवशी जिवाच्या भीतीने पळणाऱ्यांना मुसलमान वस्तीतल्या घरांनी आत घेतलं. नंतर गावाने तळ्यात 108 घागरी पंचगव्य ओतून पाणी 'शुद्ध' केलं. पाहुणा पाणी पिऊन गेला आणि यजमानाने भांडं नव्हे, अख्खं तळं घासलं!

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. धरमतरवरून मोटारीचा रस्ता सोयीचा होता, पण मोटारवाले ऐनवेळी अडवतील अशी धास्ती होती. म्हणून बाबासाहेब सुमारे दोनशे जणांसह 'पद्मावती' बोटीने निघाले आणि 25 डिसेंबर 1927 ला दुपारी दासगावच्या बंदरात उतरले. तीन हजारांवर सत्याग्रही तिथे वाट बघत उभे होते. तिथून पाच मैल चालत सगळे महाडला गेले.

महाडात काय होतं? मांडवाला कोणी जागा देईना. व्यापारी सामान विकायला तयार नाहीत. शिधा बाहेरून आणावा लागला. जागा शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. गावाचा रोष ओढवेल हे माहीत असून दिली. त्याच मांडवात त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस हेही गावाच्या विरोधात जाऊन सोबत राहिले. तळ्याचा कोर्टातला निकाल मात्र मार्च 1937 मध्ये, हायकोर्टात लागला.

माझं म्हणणं एवढंच. 'अतिथी देवो भव' आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण आपल्याच जातीच्या, आपल्याच ओळखीच्या माणसाला गूळपाणी देणं हा व्यवहार झाला, आज मी तुला, उद्या तू मला. ज्याच्याकडून काही परत मिळणार नाही, उलट ज्याला दिल्याने चार लोक नावं ठेवतील, त्याला जागा देणं हा पाहुणचार. 1927 मध्ये भरलेलं तळं आणि भरलेली दुकानं असलेलं गाव त्यात नापास झालं. एक मोकळी जागा असलेला माणूस पास झाला.

जुन्या गोष्टी कशाला उकरता, असं काही जण म्हणतील. ठीक आहे, आजचं बघा. भाड्याने खोली मागणाऱ्याचं आडनाव ऐकून 'खोली गेली हो' असं सांगणारे आपल्यातच आहेत. कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी घरं आहेत. जुलै 2021 मध्ये महाड पुरात बुडालं, घराघरांत चिखल झाला, प्यायला पाणी राहिलं नाही. तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि जेवण बाहेरून आलं. बाटली कोणाच्या हातची, हे तहानलेला माणूस विचारत बसत नाही. विचारण्याची चैन देणाऱ्यालाच परवडते.

दर 20 मार्चला महाडला लांबलांबून माणसं येतात. हायवेवर घर, दुकान, टपरी असेल तर त्या दिवशी पाण्याचा एक माठ बाहेर ठेवा. आणि घरातला तो वेगळा कप आजच फडताळातल्या बाकीच्या कपांत मिसळून टाका.