मशिदीची कुळकथा

पनवेलहून सुटलेली लोकल बोरीबंदराच्या अलीकडे ज्या मस्जिद स्थानकात क्षणभर थांबते, त्याचे नाव मुसलमानांच्या प्रार्थनास्थळावरून पडले असावे असे कोणासही वाटेल. परंतु बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा ते श्रेय मांडवीतील आपल्या ‘शाआर हारहमीम’ या सिनेगॉगला देते, आणि मला त्याचे नवल वाटत नाही, कारण सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणण्याचा प्रघात या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, आणि शब्बाथाच्या दिवशी ते बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे हे लोक अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरीच प्रार्थना करीत. वास्तूच नव्हती, तिथे तिला नाव कोठून असणार?

ती वास्तू उभी राहिली एका लढाईच्या पोटी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरताच इंग्रजांनी १७७९ साली फ्रेंचांचे माहे घेतले, त्याने म्हैसूरचा हैदर अली बिथरला, आणि त्या जगड्‌व्याळ युद्धाची एक ज्वाळा म्हैसुरात भडकली. तीत कंपनीच्या मुंबई फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल, टिपूच्या कैदेत पडले. आपण ‘बेने इस्राएल’ आहोत असे त्यांनी सांगितले तेव्हा, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, असे म्हणून टिपूच्या मातेने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. सुटकेत मातोश्रींचा वाटा किती आणि १७८४ च्या मंगळूरच्या तहाचा किती, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मात्र कुराणाच्या सतराव्या सूरेला ‘बनी इस्राईल’ हे नाव आहे, एवढे खरे. सुटून आलेल्या दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले, आणि पुढच्याच वर्षी कोचीनला त्यांचे देहावसान झाले.

मूर्तीवाचून, एका देवापुढे जमण्याच्या जागेला शेजारच्या मुसलमानांकडे शब्द तयार होता. तोच या वास्तूला चिकटला. बोलीत मशीद म्हटले, तरी हिब्रू नाव वेगळेच असे. पनवेलचे सिनेगॉग १८४९ चे. त्याचे हिब्रू नाव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर. समाजाचा कारभारही अशाच उसन्या शब्दांवर चाले: विवाहादी विधींना काझी, वर मुकादम, आणि त्याच्या हाताखाली चौगुला, जो थेट पाटलाच्या चावडीवरून उचललेला!