इस्राएल आळी, नवगाव आणि चाकाची खुर्ची

अलिबागच्या इस्राएल आळीतून आपण बाजाराला जातो-येतो, पण आळीला हे नाव का पडले असे एखाद्या नव्या सुनेने विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजणी अडखळतील. आळीत मागेन आबोथ नावाचे प्रार्थनालय आहे. ते प्रथम १८४८ साली बांधले गेले व १९१० साली नव्याने उभे राहिले. जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत. मुंबईतल्या मस्जिद स्टेशनाचे नावही मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर बेने इस्राएलांच्या जुन्या मशिदीवरून पडले असे सांगतात. ते प्रार्थनालय मांडवीत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत ते सापडले आणि सुलतानाच्या आईच्या शब्दामुळे सुटले, अशी आख्यायिका आहे. सुटकेच्या नवसाची ती वास्तू. आज तिला शार हारहमीम म्हणतात, म्हणजे दयेचे दार.

ही माणसे कोकणात आली कशी? फार पूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ खडकावर फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते किनाऱ्यावर पुरली, आणि वाचलेल्यांनी गावोगाव पांगून तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची, यावर विद्वानांचे एकमत नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडले. त्यांचे आडनावच पाहा. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, पेझारकर, नवगावकर: आपल्या तालुक्याच्या आसपासची निम्मी गावे त्यांच्या आडनावांत सापडतील. नऊवारी नेसावी, भाकरी थापावी, मराठीत कीर्तन करावे, आणि दाराच्या चौकटीला मेझुझा लावावा, असा त्यांचा संसार.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. १९५१ च्या शिरगणतीत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. २०११ साली पाच हजारही भरले नाहीत. घरे विकली गेली, प्रार्थनालये आणि कबरस्ताने राहिली.

आता मला जे सांगायचे आहे ते इथून पुढे. ती गेलेली मुले आता म्हातारी झाली आहेत. तेरा-चौदा वर्षांची असताना जी मुलगी आईचे बोट धरून बोटीत चढली, ती आज ऐंशीच्या घरात आहे. नातवंडे म्हणतात, आजी, तुझे गाव दाखव. आजी येते, पण तिचे गुडघे येत नाहीत. हल्ली जुन्या वास्तू पाहणाऱ्यांसाठी पाट्या लागतात, माहितीपत्रके निघतात. पण ज्यांना त्या वास्तू आतून आठवतात त्यांनाच दारातून परतावे लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एक मावशी आल्या होत्या. १९५८ साली त्या इथून गेल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून, भाचीला बरोबर घेऊन आल्या. त्यांचे मराठी आपल्या सासवांचे. ‘चहा करू नकोस गो, उगाच दगदग,’ असे म्हणून दोन कप प्यायल्या. त्यांच्याबरोबर मी चार दिवस फिरले. एका प्रार्थनालयात (नाव लिहीत नाही) त्या आत गेल्या, हेखलसमोर बसल्या, कंदील मोजले. मग म्हणाल्या, मला वर जायचे आहे. जुन्या बहुतेक प्रार्थनालयांत बायकांची बसायची जागा वरच्या सज्जात असते, पुरुष खाली. मावशींची आई शाब्बाथला वर कठड्याशी बसे आणि ही तिच्या मांडीवर. जिना लाकडी, उभा, एका माणसापुरता. बाहेरचे चार जण धावत आले, म्हणाले, खुर्चीसकट उचलून नेतो. मावशी म्हणाल्या, ‘मी काय गोणी आहे?’ भाचीने वर जाऊन फोनवर चित्र काढून आणले. मावशींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, हे खालच्यांना दिसते तसेच आहे. आईला काय दिसत होते ते नाही. त्यावर कोणी काही बोलले नाही.

पुरुषांची जागा तळमजल्यावर आणि बायकांची माडीवर, म्हणजे ज्यांना चढवत नाही अशांत आधी बायकाच अडतात. ही गोष्ट बांधणाऱ्यांच्या मनात आली नसेल. तेव्हा म्हाताऱ्या घरीच बसत. मुंबईत काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू हे १८८४ सालचे प्रार्थनालय जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. २०१९ साली त्याचा फार सुंदर जीर्णोद्धार झाला व युनेस्कोने गौरव केला. पण तिथे मुख्य दिवाणखानाच जिना चढून वर आहे, आणि बायकांचा सज्जा त्याच्याही वर. उलट पुण्याच्या लष्कर भागातले लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांचे १८६७ चे ओहेल डेव्हिड, याचा दिवाणखाना खालीच आहे; शेजारी ससून यांची समाधी. याच ससूनांच्या नावाचे अनाथ पंगूगृह पुण्यात निवडुंग्या विठोबाजवळ आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांची आठवण त्या माणसाला होती, एवढे यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट मावशींनीच सांगितली. इस्राएल हे मूळ याकोबाचे नाव. रात्रभर एकाशी झुंज घेतल्यावर पहाटे त्याला ते मिळाले, आणि त्याच झुंजीत त्याच्या मांडीचा सांधा निखळून तो लंगडू लागला. बेने इस्राएल म्हणजे त्याची लेकरे. ‘आमचा मूळपुरुषच लंगडा, मग मला कसली लाज?’ असे म्हणून हसल्या.

नवगावला आम्ही सकाळी गेलो. तिथे जुन्या कबरी आहेत, पूर्वजांचे स्मारक आहे. जिना कसला नाही, पण जमीन किनाऱ्याकडची. चाके पुढे ढकलली की रुततात. खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाके पुढे घेऊन मागे मागे ओढली तर चालते, हे भाचीने शिकवले. नंतर खंडाळ्याला गेलो. एलियाहू नबी रथातून स्वर्गाला जाताना इथे टेकला अशी श्रद्धा आहे. खडकावर चाकांच्या आणि टापांच्या खुणा दाखवतात. तू बिश्वात या सणाला लोक तिथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वर फळे. पोह्यांत गूळ आधी घालायचा की खोबरे, यावर मावशींचा आणि माझा थोडा वाद झाला. खडकावरच्या खुणा पाहून म्हणाल्या, ‘नबीलासुद्धा चाके लागली.’

येणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे लिहिते. मुंबईहून लाँचने यायचे तर चढ-उतार कठीण; लाटेवर लाँच हलते आणि हात धरणाऱ्याचाच तोल जातो. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी वाहणारी बोट सुरू झाली आहे. तीत मोटार थेट आत जाते, म्हणून तीच बरी. एस.टी.त २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट आहे खरे, पण तिची पायरी गुडघ्याएवढी. शनिवारी व सणाच्या दिवशी प्रार्थनेची वेळ असते, पाहायला जाऊ नये. किल्ली कोणाकडे आहे ते आदल्या दिवशी विचारावे. २००८ च्या मुंबईतल्या हल्ल्यानंतर ठिकठिकाणी पहारा आहे, ओळखपत्र जवळ ठेवावे. खुर्चीची रुंदी दोरीने मोजून घ्यावी आणि तीच दोरी दाराला लावून पाहावी. घरात तीन फुटी दार क्वचितच असते.

उताराचा हिशेब मला सुतारमामांनी समजावून दिला. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार हवा, तेव्हा बसलेल्या माणसाला भीती वाटत नाही. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार. एवढे अंगण आळीत कुठे आहे? म्हणून पक्का चौथरा न बांधता उचलून नेता येईल अशी फळी बरी, निदान एका पायरीपुरती. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, पण जुन्या वास्तूचा दगड फोडून उतार करावा असे मला वाटत नाही. दगड तसाच ठेवून उतार करता येतो. वरच्या सज्जाचे काय करायचे, ते मात्र मला अजून सुचलेले नाही. कोणा भगिनीच्या घरी इंजिनियर असेल तर तिने त्याला विचारावे.

फळी आम्ही करून घेतली आहे. सहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद, घसरू नये म्हणून वर काथ्याची पट्टी ठोकलेली. ती मंडळाच्या खोलीत कपाटाच्या मागे उभी आहे. इस्राएल आळीत, देवळात, दवाखान्यात, कोणालाही लागली तर आदल्या दिवशी चिटणीसबाईंना सांगावे. दोघींनी मिळून उचलावी, एकटीने उचलू नये. आणि पावसात भिजली तर पुसून ठेवावी, ओली परत आणू नये.