मज्जातंतूंचा वेग पहिल्यांदा कसा मोजला गेला?

मधुमेही रुग्णाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या की बऱ्याचदा 'एनसीव्ही' तपासणी सांगितली जाते. त्यात विजेचे हलके झटके बसतात. "डॉक्टर, हे कशासाठी?" हा प्रश्न ठरलेलाच. त्याचे उत्तर १८५० सालच्या एका प्रयोगात आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांचे निरोप मज्जातंतू शरीरभर नेतात, हे तेव्हा माहीत होते. पण किती वेगाने? हा वेग मोजण्याचे साधन कधी मिळेल, असे योहानेस म्युलर या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाला वाटत नव्हते. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, ते करून दाखवले. बेडकाच्या पायाचा स्नायू मज्जातंतूसकट काढून त्याने तंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर झटका दिला. दूरून दिला तेव्हा स्नायू किंचित उशिरा आखडला, सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागाने! दोन जागांमधल्या अंतराला या वेळेने भागले आणि वेग निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. तारेतल्या विजेपुढे ही बैलगाडीच म्हणायची.

एनसीव्हीत आजही हेच गणित करतात. निरोगी माणसाच्या हातात हा वेग सहसा ५० मीटरच्या वर असतो, कारण जाड तंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते खराब झाले की वेग घटतो. मात्र वेदना नेणारे अगदी बारीक तंतू या तपासणीत मोजलेच जात नाहीत. त्यामुळे तळपायांची आग होत असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तसे झाल्यास तक्रार डॉक्टरांना पुन्हा जरूर सांगा.