गोळ्या-चॉकलेट विकणारा इमाम

केप टाऊनच्या मुसलमानांमध्ये रत्नागिरीकडून गेलेली कोकणी कुटुंबेही आहेत. त्यामुळे तिथला इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. त्या इतिहासातले एक नाव मात्र आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. ते नाव इमाम अब्दुल्ला हारून यांचे.

हारून यांचा जन्म 1924 चा. आई लहानपणीच वारली, आत्याने वाढवले. मक्केत शिक्षण झाले. 1955 मध्ये क्लेअरमाँटच्या स्टेगमन रोड मशिदीचे ते इमाम झाले. तरुणांसाठी त्यांनी 1958 मध्ये मुस्लिम युवक संघटना उभी केली आणि पुढे ‘मुस्लिम न्यूज’ या वृत्तपत्राचे संपादनही केले. वर्णभेद इस्लामच्या विरोधात आहे, असे सांगणारे पत्रक 1961 मध्ये निघाले, त्यामागे ही तरुण मंडळी होती.

पोटापाण्यासाठी इमामसाहेब विल्सन-राउन्ट्री या गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीचे फिरते विक्रेते झाले. वर्णभेदी सरकारने माणसांच्या वस्त्या कातडीच्या रंगावरून वाटल्या होत्या. लांगा, न्यांगा, गुगुलेथू या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या. तिथे इतरांना सहज जाता येत नसे, पण विक्रेत्याला कामानिमित्त जाता येई. दुकानदारांच्या ऑर्डरी घेता घेता इमामसाहेब तुरुंगात गेलेल्यांच्या घरी पोहोचत. लंडनमधील पाद्री जॉन कॉलिन्स यांनी उभारलेली मदत गुपचूप त्या बायकामुलांच्या हातात पडे. ही कुटुंबे बहुतेक ख्रिस्ती होती. ती त्यांना ‘मफुंदिसी’, म्हणजे धर्मगुरू, म्हणत.

28 मे 1969 रोजी पोलिसांनी त्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली उचलले. खटला नाही, वकील नाही. 123 दिवसांनी, 27 सप्टेंबरला, कोठडीतच त्यांचा इंतकाल झाला. वय अवघे 45. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडले. अंगावर दोन डझनांहून अधिक जखमा होत्या, एक बरगडी मोडली होती. तरीही 1970 च्या चौकशीत दंडाधिकाऱ्याने जिन्याची गोष्ट बरीचशी मान्य केली.

29 सप्टेंबरला जनाजा निघाला. हजारो माणसे मोब्रेच्या कब्रस्तानापर्यंत कित्येक किलोमीटर पायी चालली. मय्यतीला खांदा द्यायला सगळ्या धर्मांचे लोक होते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. कोठडीतल्या चार महिन्यांत मात्र त्यांच्याच शहरातले अनेक उलेमा गप्प राहिले होते. ही खंत तिथले मुसलमान आजही बोलून दाखवतात, आणि ती आपणही ऐकायला हवी. आपल्या माणसाला सरकारने उचलल्यावर समाज काय करतो, हा प्रश्न काही केप टाऊनपुरता नाही.

मुलांनी पाठपुरावा सोडला नाही. नव्याने चौकशी झाली आणि 9 ऑक्टोबर 2023 रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की मृत्यू पोलिसांच्या छळामुळेच झाला, जिन्याची कहाणी खोटी होती. तोवर 54 वर्षे उलटली होती. छळ करणारे बहुतेक जण शिक्षेविना मरून गेले होते. इमामसाहेबांच्या पत्नी गलिमा 2019 मध्ये वारल्या. ज्या निकालाची त्यांनी अर्धशतक वाट पाहिली, तो ऐकायला त्या उरल्या नव्हत्या.