शेंदराखालचा वाघ

अॅमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाच्या कालव्याच्या काठी, एका जुन्या प्रशस्त घरात, मांजरांचे संग्रहालय आहे. 'काटेनकॅबिनेट' हे त्याचे नाव. बॉब मायर या गृहस्थांनी १९९० साली आपल्या दिवंगत बोक्याच्या स्मरणार्थ ते उघडले. बोक्याचे नाव होते जॉन पियरपॉन्ट मॉर्गन. अमेरिकेतल्या विख्यात धनाढ्याचेच नाव त्याला दिलेले होते. चित्रे, शिल्पे, जाहिरातींची जुनी भित्तिपत्रके, जिकडे पाहावे तिकडे मांजर. मलेशियातल्या सारवाक राज्याची राजधानी कुचिंग. मलय भाषेत हा शब्द मांजराचा वाचक आहे. त्या शहराने आपल्या नावाला जागून मांजरांचे संग्रहालय थाटले आहे आणि चौकाचौकांत मांजरांचे पुतळेही उभारले आहेत.

अशा संग्रहालयांबद्दल वाचले की प्रथम गंमत वाटते. मग एक प्रश्न मनात येतो. माणूस संग्रहालयात काय ठेवतो? जे हातातून निसटले, किंवा ज्याच्याशी रोजचा व्यवहार उरला नाही, ते. आपल्या महाराष्ट्रात मार्जारकुळाची अशी आठवण कुठे जपलेली आहे, हे शोधायचे तर मोठ्या शहरांतली दालने सोडून शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या आडवाटांना लागावे लागते. तानसा तलावाच्या परिसरात गेली काही वर्षे मी ज्या ठिकाणी हिंडतो आहे, त्यांना छप्पर नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. ती वाघोबाची ठाणी आहेत.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. मावशीने भाच्याला सारे शिकवले, झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले, ही गोष्ट लहानपणी कोणी ऐकली नाही? तानशाच्या रानात मात्र ती गोष्ट लंगडी पडते. कारण इथला 'वाघ' झाडावर सहज चढतो. आपल्या भाषेत वाघ हा शब्द ऐसपैस आहे. पट्टेरी तोही वाघ, ठिपक्यांचा बिबट्या तोही वाघ. पुस्तकी प्राणिशास्त्राला हा गोंधळ वाटेल. पण याच ऐसपैसपणामुळे एक श्रद्धा कशी टिकून राहिली, ते पुढे येईलच.

मी पाहिलेल्या ठाण्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला अनघड दगडाचा. शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी, झाडाखाली, शेंदराची पुटे चढलेला दगड. त्यात वाघ दिसत नाही, तो असतो हे माहीत असावे लागते. दुसरा प्रकार कोरीव फळीचा किंवा शिळेचा. वर सूर्य आणि चंद्र, खाली बाजूने दिसणारा वाघ, शेपटी पाठीवर वळलेली. तिसरा अलीकडचा. सिमेंटचा, पिवळ्या तैलरंगाचा, काळ्या पट्ट्यांचा वाघ, क्वचित पत्र्याच्या शेडखाली. हे तिन्ही प्रकार पाहताना एक गोष्ट लक्षात येते. संग्रहालयातल्या वस्तूला हात लावायचा नसतो, म्हणून ती टिकते. इथे उलटा कारभार. दरवर्षी हात लागतो, शेंदूर चढतो, आणि कोरलेला वाघ हळूहळू त्या शेंदराखाली दिसेनासा होतो. रूप झिजते, नाते टिकते.

हे नाते किती जुने? त्याचा एक लेखी दाखला हाताशी आहे. विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी लोकांची माहिती गोळा केली आणि ती १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. तिचा काही भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. तुमचा देव कोण, असे विचारल्यावर वारली सांगतात की वाघ्या, म्हणजे वाघांचा धनी. त्याला आकार नाही. शेंदूर आणि तूप माखलेला दगड. त्याला कोंबडी-बकरे द्यायचे, नारळ फोडायचा, तेल वाहायचे. त्याने वाघापासून राखायचे, पीक चांगले द्यायचे, रोगराई दूर ठेवायची. पुढचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. देवाला तुम्ही कधी शिव्या देता का, असे विल्सन विचारतात. उत्तर येते, देतो तर! इतके देऊनही तू आम्हाला मारतोस, तुला आणखी काय हवे, असे आम्ही त्याला खडसावतो.

विल्सन धर्मप्रसारक होते. अशा उत्तरांकडे त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा अंदाज करता येतो. पण आज ती वाचताना वेगळीच बाजू दिसते. जाब विचारता येतो तो करारातल्या दुसऱ्या पक्षाला. वाघोबा हा निव्वळ भीतीने हात जोडावेत असा देव नाही. तो एका व्यवहारातला भागीदार आहे. आम्ही वर्षाचे देणे देऊ, तू आमची गुरे आणि माणसे राख. तू चुकलास तर आम्ही बोलणार. नावातही तेच आहे. खंडोबा, विठोबा, नागोबा, तसा वाघोबा. त्या 'बा'मध्ये धाक आहे आणि घरोबाही आहे.

या कराराशेजारी त्याच काळातला सरकारी व्यवहार ठेवून पाहावा. इंग्रजी अमदानीत वाघ आणि बिबटे मारणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. रानातले जनावर सरकारदरबारी पोहोचे ते मेलेल्यांच्या तक्त्यात. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. उत्तर कोकणही त्यातून सुटले नाही. साष्टीच्या बेटावर, विहार तलावाजवळ, १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे. आज ठाणे जिल्ह्याच्या रानात पट्टेरी वाघ नांदत नाही. तो उरला आहे फळीवर, शिळेवर आणि सिमेंटवर.

संग्रहालयाच्या नियमाने इथेच गोष्ट संपायला हवी होती. प्राणी गेला, मूर्ती उरली. तसे झाले नाही, कारण मघाशी म्हटलेला तो ऐसपैस शब्द. पट्टेरी गेला तरी ठिपक्यांचा राहिला, आणि वाघोबाने दोघांनाही पोटात घेतले होते. मूर्तीवर पट्टे आहेत आणि रात्री गोठ्याभोवती फिरणाऱ्याच्या अंगावर ठिपके आहेत, याची अडचण भाविकाला कधी वाटली नाही.

बिबट्याला रान उरले त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मुंबईशी जोडलेले आहे. विहारचे पाणी १८६० पासून मुंबईला मिळू लागले. पण शहर वाढत गेले आणि १८९२ साली तानसा धरण पुरे होऊन तिथले पाणी लांबच लांब नळांतून मुंबईत पोहोचले. तलावाचे पाणलोट क्षेत्र राखायचे तर जंगल राखणे आले. १९७० साली तानसा अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर. मुंबईकर नळ सोडतो तेव्हा या रानाशी त्याचे नाते जुळते, पण त्याची त्याला जाणीव नसते. ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्याच शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. रानाची किंमत कोण मोजतो आणि फळ कोणाला मिळते, हा प्रश्न वाघोबापुरता नाही.

हे रान बिबट्याला किती उपयोगी आहे, याचा पुरावा एका जनावरानेच दिला. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक नर बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि वनखाते यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवून त्याला मुरबाड तालुक्यातल्या माळशेज घाटात सोडले. स्वभावाने शांत म्हणून त्याचे नाव पडले 'आजोबा'. आजोबा चालत निघाला. कसाऱ्याच्या बाजूने, रेल्वेमार्ग आणि मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडून, तानशाच्या रानातून तुंगारेश्वरकडे, आणि शेवटी वसईची खाडी पार करून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास त्याने महिन्याभराच्या आत केला. वाटेत माणसाच्या वाटेला गेला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. पुढे २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर 'आजोबा' हा चित्रपट काढला. वाघोबा आणि आजोबा, एक नाव रानातल्यांनी दिलेले आणि दुसरे अभ्यासकांनी. पण दोन्ही नावे जनावराला घरातले मोठे माणूस ठरवतात, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या ठाण्यांचा शास्त्रीय अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी दीडशेवर ठाण्यांची नोंद केली. श्रद्धेमुळे नुकसान होत नाही, असा भाबडा निष्कर्ष त्यांनी काढलेला नाही. गुरे जातात, माणसे जखमी होतात, राग येतो. फरक इतकाच की त्या रागाला एक जागा आहे. बिबट्या हा बाहेरून आलेला चोर नसून ज्याच्याशी बोलणे चालू आहे असा शेजारी ठरतो. शहरात इमारतीच्या आवारात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ठाणाजवळच्या पाड्यावर पहिला प्रश्न येतो, यंदा वाघोबाचे राहिले तर नाही ना?

हे देणे फेडायचा दिवस दिवाळीतच येतो. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो. गाय-वासराची पूजा करतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी पाड्यांवर त्याच तिथीला वाघबारस असते. गुराखी पोरे शिधा गोळा करतात, ठाणापाशी चूल पेटते, शेंदूर लागतो, नारळ फुटतो, कोंबडे दिले जाते, आणि गुरे राखण्याचे मागणे घातले जाते. एकाच दिवशी एकीकडे गाईची पूजा आणि दुसरीकडे गाय खाणाऱ्याची. वरवर विसंगत दिसणाऱ्या या दोन पूजांचे मागणे मात्र एकच आहे, की गोठा भरलेला राहो.

आता अडचण वेगळीच आहे. गुरे कमी झाली, गुराखी पोर शाळेत आणि मग भिवंडीच्या गोदामात जाऊ लागले. ते जावेच, रानात गुरे वळत राहण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये. मारलेल्या जनावराची भरपाई सरकार देते, हाही एक करारच आहे, पण तो कागदावरचा आणि त्यात बिबट्या हा पक्ष नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून वेगाने धावणारी आणखी एक रेघ ओढली गेली. आजोबा ज्या प्रदेशातून चालत गेला, तिथे पुढच्या बिबट्याला आणखी रस्ते ओलांडायचे आहेत.

वाघोबाच्या फळ्या उचलून एखाद्या दालनात नेणे सोपे आहे. काचेमागे ठेवल्या, दिवे लावले, पाटी लिहिली, की लोक येतील आणि कौतुकाने पाहतीलही. तेव्हा शेंदूर चढायचा थांबेल, कोरीवकाम स्पष्ट दिसू लागेल. पण ज्याला जाब विचारता येत होता तो वाघोबा त्या फळीत नसेल. माझ्या मते या ठाण्यांची नोंद करावी, छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या कथा लिहून ठेवाव्यात; फळी मात्र शिवेवरच राहू द्यावी, आणि तिच्यामागे बिबट्याला चालत जाता येईल एवढे रानही. अॅमस्टरडॅमच्या बोक्याला संग्रहालय पुरते. वाघोबाला जिवंत वाघ लागतो.